'दुय्यम' कोणास म्हणावे?

जाहिरातीत ज्याचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते तो श्रेष्ठ नट आणि ज्याचे बारीक अक्षरांत छापले जाते तो दुय्यम, हा समज आपल्या सुशिक्षित घरांतूनही इतका रुळला आहे की, त्याविरुद्ध लिहिणे कित्येकांस विक्षिप्तपणाचे वाटेल. तो आरोप पत्करून आम्ही म्हणतो की, ही प्रतवारी कलेने नव्हे, व्यापाराने ठरविलेली आहे. आणि व्यापाऱ्याची खतावणी रसिकाने प्रमाण मानावी, यासारखी रसिकतेची विटंबना दुसरी नाही.

हा भेदभाव हॉलिवूडने किती निष्ठेने पाळला ते पाहावे. दुय्यम भूमिकांसाठी निराळे ऑस्कर पारितोषिक १९३६ च्या चित्रपटांपासून देण्यात येऊ लागले. पण नायक-नायिकांस पुतळा आणि या मंडळींस केवळ फलक, असा पंक्तिप्रपंच पुढे कित्येक वर्षे चालला. १९४४ च्या समारंभात त्यांच्या हाती प्रथमच पूर्ण आकाराचा पुतळा पडला!

आता या पंक्तीतील एक नट घेऊ. क्लॉड रेन्स यांचा जन्म १८८९ साली लंडन येथे झाला. बालपणी उच्चार सदोष, त्यात बोलण्यात अडखळणे. पहिल्या महायुद्धात विषारी वायूने एका डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेलेली. अशा माणसाने परिश्रमाने आपली वाणी अशी घडविली की, लंडनच्या नाट्यविद्यालयात तो शिक्षक झाला आणि जॉन गिलगुड व चार्ल्स लॉटन यांच्यासारखे नट त्याच्या हाताखाली शिकले. १९३३ च्या 'द इन्व्हिजिबल मॅन' या बोलपटात त्याचा चेहरा अगदी शेवटच्या क्षणी दिसतो. तोवरचा सारा उन्माद, दर्प आणि भय प्रेक्षकांपर्यंत पोहोचते ते मुख्यतः आवाजाच्या बळावर. चेहरा म्हणजेच अभिनय असे मानणारांनी या बोलपटाचे काय करावे, ते आम्हांस कोणी सांगेल काय?

यावर असे म्हणण्यात येईल की, कथेला एक केंद्र लागते आणि ते नायकच असणार. हे आम्हांस मान्य आहे. परंतु कथेतील स्थान आणि कलेतील योग्यता या दोन वस्तू भिन्न आहेत. 'कॅसाब्लांका'मधील पोलीस-अधिकारी रेनो घ्या. लाच खाणारा, वारा येईल तशी पाठ फिरविणारा हा गृहस्थ अखेरीस, गोळी झाडणारा समोर उभा असता, आपल्या शिपायांस भलत्याच दिशेस पाठवितो आणि व्हिशीच्या पाण्याची बाटली टोपलीत फेकून देतो. नायकाचा त्याग थोर खरा. पण सामान्य, स्वार्थी माणूसही एखाद्या क्षणी ताठ उभा राहू शकतो, ही आशा आपणांस देतो तो रेनोच. 'नटोरियस'मध्ये तर रेन्स खलपुरुष आहेत. तरीही शेवटी ते मृत्यूकडे नेणाऱ्या पायऱ्या चढू लागतात तेव्हा आपणांस त्यांची कीव येते. शत्रूविषयी करुणा उत्पन्न करणे हे का दुय्यम काम?

रेन्स यांची शिफारस चार वेळा झाली; पारितोषिक एकदाही मिळाले नाही. १९६७ साली ते निवर्तले. आमची तक्रार पारितोषिकाविषयी नाही. ते ज्याचे त्याने कोणासही द्यावे. तक्रार आहे ती परीक्षणकारांविषयी व स्वतःस रसिक म्हणविणाऱ्या आपणा सर्वांविषयी. परीक्षणाचे तीन स्तंभ नायकाच्या रूपावर खर्चावयाचे आणि 'इतरांची कामे ठीक' या एका वाक्यात उरलेल्यांची बोळवण करावयाची, ही रीत आता बंद झाली पाहिजे. घरातील मुले आपले बोलणे ऐकत असतात. चित्रपट पाहून परतताना आपण केवळ नायकाचीच चर्चा केली, तर ज्याचे नाव मोठे तेच काम मोठे, हा धडा ती आपल्याकडूनच शिकतील. आणि पुढे तीच फूटपट्टी शाळेत, कचेरीत व समाजात वापरतील.