आपल्या इकडं कुठं बर्फ पडते?

दर्यापुरात गाडीच्या कूलंटचा विषय काढा, हे वाक्य हमखास ऐकू येतं. "आपल्या इकडं कुठं बर्फ पडते? पाणीच टाक नं गा, काय होते त्याले?" म्हणणारा मेकॅनिक असतो, काका असतो, दहा वर्षं बोलेरो चालवणारा ड्रायव्हर असतो. त्याच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण हे वाक्य चूक आहे, आणि आपल्या भागात तर ते महागात पडणारं आहे.

कूलंटच्या डब्यावर 'अँटीफ्रीझ' लिहिलेलं असतं, तिथून हा घोळ सुरू होतो. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं मिसळलं तर ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही, हे खरं. वऱ्हाडात त्याचा उपयोग शून्य, हेही खरं. पण तेच मिश्रण साध्या हवेच्या दाबाला 107 अंशांच्या आसपास उकळतं आणि रेडिएटरच्या झाकणाने दाब धरला की 120 च्याही पुढे टिकतं. मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना अकोट रोडला ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागे एसी लावून रांगत जाताना हे वरचे अंश कामाला येतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्या डब्यात गंजरोधक रसायनं असतात. आजच्या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं, रेडिएटर अॅल्युमिनियमचं, आणि ब्लॉक बऱ्याचदा लोखंडाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे शाळेतल्या प्रयोगातली बॅटरीच झाली. त्यात झिजतं ते अॅल्युमिनियम.

आणि आपलं पाणी खारंच आहे. पूर्णेचं खोरं, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा मिळून साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा, खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो आणि दर्यापूर तालुका त्यात बसलेला आहे. पुराव्यासाठी प्रयोगशाळा नको. बोअरचं पाणी तापवायचा रॉड बादलीतून काढून बघा. त्याच्यावर चढलेला पांढरा थर खरवडून काढताना आईचा किती वेळ जातो ते विचारा. तोच थर रेडिएटरच्या नळ्यांमध्ये चढतो, आणि तिथे खरवडायला कोणाचा हात पोचत नाही. हा थर अॅल्युमिनियमच्या मानाने शंभराव्या हिश्श्याइतकीसुद्धा उष्णता धड वाहून नेत नाही. शिवाय पाण्यातले क्लोराइड अॅल्युमिनियमला बारीक भोकं पाडतात. मग गाडी 'पाणी पिते'. आपण रोज सकाळी लोटाभर ओतत राहतो, आणि प्रत्येक लोट्याबरोबर नवं मीठ आत जातं. माझ्या धंद्यात मेमरी लीक न शोधता रोज सर्व्हर रीस्टार्ट करणारे लोक असतात, त्यांची आठवण येते.

'मांगल्या जमान्यात काय कूलंट होतं काय?' हा पुढचा मुद्दा. मागच्या जमान्यातलं इंजिन आपल्या बनोसा स्टेशनवरूनच धावलं आहे. शकुंतलेवर 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन 1994 पर्यंत होतं. वाफेच्या इंजिनवाल्यांना पाण्याची चिंता आपल्यापेक्षा जास्त असे. बॉयलरमधला गाळ सोडणं, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुणं, पाणी मऊ करणं ही जगभरच्या रेल्वेची रोजची कामं होती. जुने लोक काहीही ओतायचे, असं म्हणणं म्हणजे जुन्या लोकांचा अपमान आहे.

दुसऱ्या टोकाला माझेच समवयस्क आहेत. मोबाइलवर व्हिडिओ बघून कोणी रेडिएटरमध्ये कोल्ड्रिंक ओततो, कोणी व्हिनेगर, कोणी चक्क संडास साफ करायचं अॅसिड. त्या अॅसिडने थर जातो यात शंका नाही, पण थराखालचं अॅल्युमिनियमही जातं.

तिसरे सर्व्हिस सेंटरवाले. 'मशीनने फ्लशिंग' अशी ओळ बिलात टाकतात, आणि कोणतं पाणी वापरलं असं विचारलं की काउंटरवरच्या मुलाचा चेहरा कोरा होतो. मला हे अमरावतीत दोनदा दिसलं. म्हणून मी म्हणतो, हे काम घरी करा. त्यात गुपित काही नाही.

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, यात थट्टा नाही. हीटरची कळ पूर्ण गरमकडे फिरवा (वऱ्हाडात ही कळ जन्मात कोणी वापरत नाही, म्हणून तिथला गाळ सगळ्यात जुना). खालचा नट किंवा खालचा होजपाइप सोडून सगळं टबमध्ये काढा. बंद करून डिस्टिल्ड पाणी भरा. बॅटरीच्या दुकानात पाच लिटरचे कॅन मिळतात. आरओचं पाणी बोअरपेक्षा बरं, पण त्यातही क्षार उरतात. इंजिन चालू करा, वरचा होजपाइप गरम होऊन पंखा फिरेपर्यंत थांबा. तोवर थर्मोस्टॅट उघडलेला असतो, आणि तो उघडल्याशिवाय ब्लॉकमधलं पाणी रेडिएटरकडे येतच नाही. पुन्हा पूर्ण थंड होऊ द्या, काढा. पाणी स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा. एक सुट्टी जाते, जाऊ द्या.

शेवटी भरताना एक हिशेब बहुतेकांचा चुकतो. काढूनही लिटर-सव्वा लिटर पाणी इंजिनात राहतंच. म्हणून मॅन्युअलमध्ये क्षमता बघा. समजा पाच लिटर असेल, तर आधी अडीच लिटर घट्ट कूलंट ओता आणि मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. आधीच पातळ केलेलं कूलंट आणाल तर ते आत उरलेल्या पाण्याने अजून पातळ होईल. रंग बघून कूलंट घेऊ नका. हिरवा, लाल, निळा याला कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही, आणि दोन जातींची सरमिसळ झाली तर कधीकधी आत घट्ट गोळा बनतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेली जात बघा.

आता टबमधल्या पाच लिटरचं काय? इथे घरी करणारे, मेकॅनिक आणि सर्व्हिस सेंटरवाले एकाच माळेचे मणी. सगळे नालीत ओततात. ग्लायकॉल चवीला गोड असतं. कुत्रं पितं, वासरू पितं. पोटात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे कॅल्शियमबरोबर स्फटिक बनतात आणि किडनी बंद पडते. कुत्र्याला थोडंसं पुरतं. ज्या पट्ट्यात किडनीच्या तक्रारी हा घरोघरी बोलायचा विषय आहे, तिथे तरी हे वाक्य दोनदा वाचा. गाडीला कॅनमधलं शुद्ध पाणी आणि नालीवरच्या गाईला विष, हे मला पटत नाही.

झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मार्करने 'विष' लिहून, मुलांच्या हाती लागणार नाही तिथे ठेवा, एवढंच तुमच्या हातात आहे. पुढचं दुकानदारांनी करायला हवं. जुनी बॅटरी नेली की नव्या बॅटरीच्या किमतीतून पैसे कापून मिळतात, आणि 2022 च्या नियमांनी तर वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर टाकली. कूलंटचा डबा विकणारा वापरलेलं कूलंट का परत घेत नाही? मी इथल्या तीन दुकानांत विचारलं. दोघं हसले. तिसरा म्हणाला, "नाली हाय नं समोर."