'कसंतरी होतंय' एवढंही पुरतं

दाढ दुखली की दुसऱ्या दिवशी आपण डेंटिस्टकडे असतो. पण सलग तीन आठवडे झोप येत नाहीये, लेक्चरला बसवत नाही, ग्रुपवरचे मेसेज उघडायचाही कंटाळा येतोय, यावर आपलं ठरलेलं उत्तर असतं : सबमिशन्स संपली की बरं वाटेल. सबमिशन्स संपतात. बरं वाटतंच असं नाही.

थेरपीबद्दल आपण बोलत नाही, असं आता कुणी म्हणू शकणार नाही. 'ट्रॉमा', 'टॉक्सिक', 'बाऊंडरी' हे शब्द कॅन्टीनमध्ये कटिंगसोबत फिरतात. अडतं ते प्रत्यक्ष अपॉइंटमेंट घेताना. तिथे जाऊन सांगायचं काय? माझं काही एवढं मोठं नाही. ज्यांना खरंच त्रास आहे त्यांची जागा मी कशाला अडवू? आणि समोरच्याने विचारलं, 'बोला, काय प्रॉब्लेम आहे?' आणि मला धड सांगताच आलं नाही तर?

तर हे आधी डोक्यातून काढून टाका. कारण नीट मांडता यायलाच हवं, अशी कोणतीही प्रवेश परीक्षा तिथे नसते. 'मला कसंतरी होतंय' हे आपलं अस्सल मराठी वाक्य पहिल्या दिवशी पुरेसं आहे. त्याचा अर्थ लावणं हे तिथलं काम आहे. कसंतरी म्हणजे नेमकं कुठे, छातीत धडधडतं की पोटात गोळा येतो? सकाळी जास्त की रात्री? घरी गेल्यावर कमी होतं की वाढतं? अशा प्रश्नांतूनच धागा सापडत जातो. आणि हो, मराठीत बोलायचं असेल तर फोनवरच तसं सांगा. भावनांचे इंग्रजी शब्द आपण रील्सवरून उचललेत. आईवर आलेला राग इंग्रजीत सांगायला गेलं की तो गुळगुळीत होऊन बाहेर पडतो.

पहिलं सेशन साधारण पाऊण ते एक तासाचं असतं आणि, खरं सांगायचं तर, बरंचसं फॉर्म भरल्यासारखं वाटतं. घरी कोण कोण आहे, झोप, भूक, चालू असलेली औषधं, दारू-सिगारेट, घरात कुणाला मानसिक आजार होता का, हे सगळं विचारतात. एका संमतीपत्रावर सही घेतात. ती वाचून करा. स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येतात का, हेही विचारतील. दचकू नका, हा नेहमीच्या चौकशीचाच भाग आहे आणि विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' असेल तर तसंच सांगा.

'डिअर जिंदगी'मध्ये शाहरुख आलियाला गोव्याच्या समुद्रकिनारी फिरायला नेतो. तुमचा थेरपिस्ट तसलं काही करणार नाही. (कॉफीला वगैरे बोलावलंच तर तिथून निघा.) तो सल्लाही फारसा देणार नाही, आणि आपल्याला नेमकं हेच खटकतं. मामा, काकू, शेजारचे निवृत्त सर, सगळे सल्ला फुकट देतात; इथे पैसे मोजून उलट प्रश्न ऐकायचे? ब्रेकअप कर किंवा इंजिनीअरिंग सोड, असं कुणी ठरवून देत नाही. मध्येच शांतता पसरते. मुलाखतीत समोरचा गप्प झाला की ती जागा भरायची घाई करू नका, असं आम्हाला मास कॉमला शिकवतात. थेरपीतही ती शांतता मुद्दाम ठेवलेली असते. शिवाय घरचा अभ्यास मिळू शकतो : अमुक प्रसंगी मनात काय आलं, मग काय केलं, याची आठवडाभर नोंद ठेवा, वगैरे.

बाहेर पडल्यावर हलकं वाटेलच असं नाही. उकरून काढलेलं त्या रात्री जास्तही टोचू शकतं. एकदा जाऊन 'काही उपयोग नाही' म्हणत सोडून देणारे आपल्यात बरेच असतात, म्हणून माझं मत : तीन-चार सेशन्स द्या आणि मग ठरवा. सूर जुळला नाही तर तसं तोंडावर सांगून दुसरं कुणी सुचवा म्हणता येतं, त्यात उद्धटपणा काही नाही. पण काही गोष्टींसाठी चौथ्या सेशनची वाट पाहायची गरज नाही. टोमणे, प्रवचन, जातीवरून शेरा, 'लग्न झालं की ठीक होईल' यातलं काहीही ऐकू आलं की उठा. समलैंगिकता 'बरी' करून देतो म्हणणाऱ्याकडून तर लगेच. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कन्व्हर्जन थेरपी हे डॉक्टरांसाठी गैरवर्तन ठरवलेलं आहे.

पाटी वाचायलाही शिका. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्रात शिकलेला डॉक्टर, तो औषधं लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो, तो बिनधास्त विचारा. 'काऊन्सेलर' आणि 'लाइफ कोच' हे शब्द मात्र कुणीही पाटीवर रंगवू शकतं, म्हणून शिक्षण कुठलं आणि कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, हे विचारायला लाजू नका.

पैशांचं काय? खासगीत एका सेशनचे हजार-दीड हजार सहज जातात; चार सेशन्स म्हणजे अनेकांची महिन्याची मेस. सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात मानसोपचार ओपीडी असते, केसपेपर काढून कमी खर्चात काम होतं. गर्दी असते आणि वेळ कमी मिळतो, ही तयारी ठेवा. आणि रात्री दोनला काही सुचेनासं झालं तर १४४१६. 'टेलिमानस' ही केंद्र सरकारची सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती चोवीस तास, मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.

आता खरी भीती : हे कुणाला कळणार तर नाही? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार मानसिक आजारावर उपचार करणाऱ्यांनी रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद आहेत. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा आदेश असेल, तर सांगावं लागू शकतं. अकरावी-बारावीवाल्यांनो, अठरा पूर्ण नसतील तर पालकांना सोबत घ्यावं लागतं. पण आई-बाबांना काय सांगणार आणि काय नाही, हे त्यांच्यासमोरच पहिल्या दिवशी ठरवून घ्या. अठराच्या आतल्यांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवावीच लागते, हेही आधी माहीत असलेलं बरं.

कॉलेजातली मुलं काऊन्सेलरकडे जायला बिचकतात, तेव्हा त्यांना 'अवेअरनेस नाही' असं म्हणणं मला पटत नाही. जे सर इंटर्नलचे मार्क देतात तेच मंगळवारी दुपारी काऊन्सेलर म्हणून बसत असतील, खोली स्टाफरूमला लागून असेल आणि बाहेरच्या वहीत नाव, वर्ग, कारण लिहून आत जायचं असेल, तर न जाणारा मुलगा शहाणाच म्हणायचा. समुपदेशन आणि मार्क एकाच हातात असूच नयेत. सेमिनार, पोस्टर स्पर्धा, मानसिक आरोग्य सप्ताह हे सगळं होऊ द्या, पण ती वही आधी हटवा.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक पात्र काऊन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर हवा. विद्यार्थी त्याहून कमी असतील, तर बाहेरच्या तज्ज्ञांकडे पाठवण्याची ठरलेली सोय हवी. आपल्यातल्या बहुतेकांची कॉलेजं शंभरच्या कितीतरी वर आहेत. तेव्हा या आठवड्यात दोघं-तिघं मिळून ऑफिसात जा आणि विचारा : आपल्याकडे कोण आहे, त्यांचं शिक्षण काय, कुठल्या वारी कुठल्या खोलीत बसतात, नोंदी कुणाच्या कपाटात राहतात आणि त्या खोलीचं दार आतून बंद होतं का?