पाच लाखांच्या अलीकडचा हिशेब

महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर नेण्याचा आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट काढण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आपल्या डॉक्टरांच्या बैठकांत त्यावर दोनच प्रश्न निघतात: पॅकेजचे दर परवडतात का आणि क्लेम कधी सुटतो? प्रश्न रास्त आहेत, पण अपुरे.

पाच लाखांच्या आकड्याने दिपून जाण्याचे कारण नाही. बहुतेक पॅकेजे दीड लाखाच्या आतलीच. मर्यादा वाढल्याने तिजोरीवर पडणारा भार त्यामुळे वाटतो तेवढा नाही. खरा भार येतो तो लाभार्थी वाढल्याने, आणि त्यांत खासगी मेडिक्लेम असलेली कुटुंबेही आली. तीही योजनेकडे वळली, तर सरकारचा खर्च वाढेल. गरिबाच्या पदरात मात्र नवे काही पडणार नाही.

परिणाम मोजायचा कसा? कर्नाटकात वाजपेयी आरोग्यश्री ही अशीच योजना आधी राज्याच्या उत्तर भागात आली. योजना असलेल्या आणि नसलेल्या भागांच्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या गावांची तुलना संशोधकांनी केली. योजनेतल्या आजारांनी होणारे गरीब घरांतले मृत्यू आणि रुग्णालयात खिशातून जाणारा पैसा, दोन्ही घटल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही २०१२ मध्ये याच योजनेचे पूर्वरूप असलेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आधी आठच जिल्ह्यांत होती, उरलेल्यांत ती नोव्हेंबर २०१३ मध्ये पोचली. या वेळी सगळ्यांना एकदमच घेतले. तुलनेला कोणी उरलेच नाही.

आणि ओपीडी? डायलिसिस योजनेत आहे, ते टाळू शकणारी रक्तदाबाची रोजची गोळी नाही. अमेरिकेत १९७४ ते १९८२ दरम्यान रँड या संशोधन संस्थेच्या आरोग्यविम्यावरील प्रयोगात सरसकट मोफत उपचारांनी सरासरी प्रकृतीत फारसा फरक पडला नाही. फायदा ठळक दिसला तो रक्तदाबाच्या गरीब रुग्णांत. आपली योजना नेमकी तिथेच हात आखडते.

डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा पॅकेजात येतो. अकराव्या दिवसापासूनची औषधे, भरतीआधी बाहेर केलेल्या तपासण्या, गावाहून येण्याजाण्याचे भाडे हे कुठल्याच क्लेममध्ये दिसत नाही. रुग्ण ते सांगतो आपल्याला. अंगीकृत रुग्णालयांतल्या सहकाऱ्यांनी महिनाभर फेरतपासणीला येणाऱ्या प्रत्येकाला हा खर्च विचारून केसपेपरवर नोंदवावा. दरवाढीचे निवेदन द्यायचे तेव्हा हे आकडे त्याला जोडता येतील.