गॅलरीतला कॅमेरा आणि उसनी नजर

टेनिसचा सामना पाहायला कॅमेरा घेऊन जाणाऱ्या माणसाला हल्ली दोन ठिकाणी जाब द्यावा लागतो. प्रवेशद्वाराशी सुरक्षारक्षक त्याच्या भिंगाची लांबी मोजतो आणि आत गेल्यावर शेजारचा सुसंस्कृत प्रेक्षक त्याच्या अभिरुचीची खोली. पहिल्याचे म्हणणे, हे यंत्र फार मोठे आहे. दुसऱ्याचे म्हणणे, आलाच आहात तर खेळ पाहा की, यंत्रात डोळा घालून काय बसलात? या दोघांशीही माझे भांडण आहे. परंतु मोठे भांडण तिसऱ्याशी आहे, आणि हा तिसरा म्हणजे कॅमेरा हातात धरून बसलेला हौशी छायाचित्रकार. प्रस्तुत लेखकही त्याच जातकुळीतला.

आधी सुरक्षारक्षकाचे पाहू, कारण तो बिचारा हुकुमाचा ताबेदार. मोठ्या स्पर्धांच्या तिकिटामागच्या अटींत दोन गोष्टी सहसा असतात. एक, काढलेल्या चित्रांचा व्यापारी उपयोग करू नये. दुसरी, अमुक लांबीपेक्षा मोठे भिंग आणू नये. विम्बल्डनला ही मर्यादा ३०० मिलिमीटरची आहे. पहिली अट समजण्याजोगी आहे. स्पर्धेच्या प्रतिमा हा विकाऊ माल आहे, तो विकण्याचे हक्क कोणीतरी पैसे मोजून घेतलेले असतात. दुसऱ्या अटीमागेही एक खरे कारण आहे: हातभर लांबीचे नळकांडे समोर आले की मागच्या रांगेतल्या माणसाचे तिकीट फुकट जाते. सर्व्हिससाठी चेंडू उंच उडालेला असताना, सारे प्रेक्षागार श्वास रोखून बसलेले असताना कोणाच्या तरी शटरची खडखड ऐकू यावी, हेही असभ्यच. ही तक्रार मला मान्य आहे. मात्र यंत्राच्या लांबीवरून माणसाचा हेतू ओळखता येतो, ही समजूत मला मान्य नाही. खिशातल्या फोनवर अख्खा सेट चित्रित करून तो दूरवर पाठवणाऱ्याला कोणी अडवत नाही. म्हाताऱ्या कॅमेऱ्याला जुने लांब भिंग लावून आलेल्या निवृत्त शिक्षकाला मात्र पिशवी उघडावी लागते. नियम ज्याला घाबरतो तो माणूस निराळा आणि नियम ज्याला पकडतो तो निराळा.

आता शेजारचा सुसंस्कृत प्रेक्षक. त्याचा युक्तिवाद प्रतिष्ठित आहे. सूझन सोंटॅगच्या 'ऑन फोटोग्राफी' (१९७७) या पुस्तकापासून तो विचारी लोकांच्या बोलण्यात रुळला: छायाचित्र काढणारा माणूस अनुभवाचा दाखला मिळवतो आणि त्या भरात अनुभवालाच नकार देतो. पर्यटकाच्या बाबतीत हे पटते. ताजमहालाकडे पाठ करून स्वतःचे चित्र काढणाऱ्याला ताजमहाल दिसत नाही, हे उघड आहे. परंतु टेनिसच्या बाबतीत हा युक्तिवाद जरा तपासून घ्यावा लागतो.

चेंडू आणि रॅकेट यांचा स्पर्श एका सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापुरता टिकतो. माणसाच्या बोटाला डोळ्याचा निरोप पोचायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे फटका दिसल्यावर बटण दाबणाऱ्याच्या हाती फटका संपल्यानंतरचे चित्र लागणार. ताशी २०० किलोमीटरने सुटलेली सर्व्हिस सेकंदाच्या हजाराव्या भागात साडेपाच सेंटिमीटर पुढे जाते. खुद्द चेंडूचा व्यास साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. तेव्हा १/१००० च्या शटरलाही चेंडूचा गोल लांबट होतो. सारांश, हे चित्र हवे असणाऱ्याला फटका होण्यापूर्वी ओळखावा लागतो: खांदा कधी वळतो, टॉस डोक्यावर जातो की उजवीकडे झुकतो, पुढचा पाय कोठे रोवला जातो. हे सारे वाचल्यावाचून त्याचा निभाव लागत नाही. आणि आरशाचा कॅमेरा असेल तर गंमत अशी, की नेमक्या त्या क्षणी आरसा वर उचलला जातो आणि डोळ्यापुढे काळोख होतो. जे चित्र त्याने टिपले ते त्याने पाहिलेले नसते. त्याने त्याची अटकळ बांधलेली असते. अशी अटकळ बांधायला शिकलेल्या माणसाला तुम्ही खेळ न पाहणारा म्हणता? चेंडूमागे मान डावी-उजवी हलवत टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यातल्या किती जणांना आवडत्या खेळाडूचा टॉस कोठे जातो, हे सांगता येईल?

इथवर मी हौशाची वकिली केली. आता त्याचीच उलटतपासणी.

हा जो टॉस वाचणारा, खांदा ओळखणारा माणूस आहे, तो शेवटी घरी काय आणतो? हजार-दोन हजार फ्रेम्समधून निवडलेले एक चित्र: खेळाडू कंबरेपासून वर, दात आवळलेले, चेंडू रॅकेटच्या तारांवर, मागे सारे धूसर. हे चित्र आपण पूर्वी पाहिलेले असते, दररोज, वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानावर. वृत्तसंस्थेचा छायाचित्रकार कोर्टाच्या कडेला, जवळजवळ जमिनीच्या पातळीवर बसून, ४०० मिलिमीटरच्या महागड्या भिंगातून ते काढतो. त्याचे ते काम आहे. त्याला सामन्यानंतर काही मिनिटांत जगभरच्या संपादकांना कळेल असे चित्र पाठवायचे असते. हौशाला कोणीही संपादक नसतो, वेळेचे बंधन नसते, गिऱ्हाईक नसते. एवढे दुर्मिळ स्वातंत्र्य हाती असताना तो काय करतो, तर गॅलरीच्या विसाव्या रांगेतून कोर्टाच्या कडेला बसलेल्या माणसाची नक्कल. ती नक्कल जमत नाही म्हणून तो आणखी लांब भिंग घेतो. भिंग प्रवेशद्वाराशी अडते, मग तो व्यवस्थेच्या नावाने खडे फोडतो.

मला हे लाजिरवाणे वाटते. दृष्टिकोन भिंगात नसतो, तो आपण जेथे बसलो त्या जागेत असतो. भिंग फक्त त्या दृश्याचा तुकडा कापते. वीसाव्या रांगेतून कापलेला तुकडा सपाटच दिसणार, कारण आपण दूर आहोत. हे दूर असणे लपवण्यात हौशाची सारी शक्ती खर्च होते. पण दूर आणि उंच असण्याचे जे देणे आहे, त्याकडे तो ढुंकून पाहत नाही. गॅलरीतून कोर्टाचे २३.७७ मीटर दिसतात. एक खेळाडू बेलाइनच्या किती मागे रेटला गेला आहे, दुसऱ्यासमोर केवढी मोकळी जागा पडली आहे, हे दिसते. टेनिस म्हणजे मुळात ही मोकळी जागा निर्माण करण्याचा खेळ. कडेला बसलेल्या व्यावसायिकाला ही भूमिती त्याच्या जागेवरून काढता येत नाही. ती ज्याला सहज साध्य आहे तो मात्र आवळलेल्या दातांच्या मागे लागलेला.

हौशी या शब्दाला आपल्याकडे 'कच्चा' असा वास येतो, म्हणून एका हौशाची आठवण करून देतो. फ्रान्सचा झाक आंरी लार्तिग (१८९४–१९८६) लहानपणापासून चित्रे काढत होता: विमाने, मोटारी, उड्या मारणारी भावंडे, आणि टेनिसची सम्राज्ञी सुझान लाँग्लाँ. १९६३ साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे प्रदर्शन भरवले, तेव्हा तो सत्तरीला टेकलेला होता. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र १९१२ चे म्हणून ओळखले जाते: शर्यतीची मोटार, तिचे चाक पुढे कललेले लंबगोल, आणि रस्त्याकडेचे बघे मागे कललेले. यंत्राच्या दृष्टीने हा दोष. त्या कॅमेऱ्याच्या शटरची फट काचेवरून सरकत जाई. ती सरकेपर्यंत चाक पुढे गेलेले असे. आजच्या कॅमेऱ्यांचे बिनआवाजी शटर नेमक्या याच कारणाने रॅकेट वाकडी करते, कारण बहुतेकांत संवेदकाच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. आमचे हौशी मित्र अशी वाकडी रॅकेट दिसली की फ्रेम पुसून टाकतात. व्यावसायिकाने ती पुसलीच पाहिजे. हौशाला कोणाची भीती आहे?

हा वाद नुसत्या अभिरुचीचा असता तर एवढी शाई नासली नसती. पुण्याजवळच्या म्हाळुंगे-बालेवाडीच्या क्रीडासंकुलात २०१८ साली चेन्नईहून एटीपीची स्पर्धा आली. २०२१ चा अपवाद वगळता २०२३ पर्यंत ती भरली, एकूण पाच वेळा, आणि मग ती पुण्यातून गेली. तिथे २०१९ चा अंतिम सामना केव्हिन अँडरसन आणि इव्हो कार्लोविच यांच्यात झाला: एक दोन मीटर तीन सेंटिमीटर उंच, दुसरा दोन मीटर अकरा. तिन्ही सेट टायब्रेकवर गेले आणि अँडरसन जिंकला. त्या आठवड्यातल्या माझ्या फ्रेम्स मी परवा पुन्हा पाहिल्या. कार्लोविचचा चेहरा आहे, मनगट आहे, घाम आहे. तो किती उंच होता, हे एकाही चित्रात नाही. कारण उंची दिसायला शेजारी कोणीतरी लागते: टॉवेल धरून उभे असलेले पोर, खुर्चीवरचा पंच, जाळे. त्या सगळ्यांना मी कापून काढले होते.

आणखी बरेच काही कापले गेले. रेषांवर वाकून उभे राहणारे रेषापंच तेव्हा खेळाचा भाग होते. २०२५ पासून एटीपीच्या दौऱ्यावर रेषांचा निवाडा यंत्रे करतात, आणि त्याच वर्षी विम्बल्डननेही १४७ वर्षांची प्रथा मोडून रेषापंचांना निरोप दिला. माझ्या चित्रांत त्यांचा एखादा धूसर खांदा आहे, तोही चुकून आलेला. बाजूबदलाच्या दीड मिनिटात जागा शोधत धावणारी कुटुंबे, दुपारच्या सामन्यातल्या रिकाम्या रांगा, डबा उघडून बसलेली आजी, बाहेरच्या कोर्टावर हाताच्या अंतरावरून दिसणारी पात्रता फेरी. महाराष्ट्राने जागतिक टेनिस घरी बोलावले तेव्हा ते असे दिसत होते. यांपैकी काहीही माझ्यापाशी नाही. वृत्तसंस्थांकडेही ते फारसे नसणार. त्यांना ते नको होते. ते ज्याने टिपायचे तो गॅलरीत बसून उसन्या नजरेने विजेत्याची मूठ शोधत होता. विजेत्याच्या मुठीची चित्रे विकत मिळतात. बाकीची आता कोठेच मिळणार नाहीत.

यावर कोणी म्हणेल, छंद आहे, माणसाला आवडेल ते काढू द्यावे. जरूर काढू द्यावे. मी कोणाची पिशवी तपासायला दाराशी उभा नाही. परंतु आपल्याला काय आवडते हे आपण ठरवले की शेवटच्या पानाने ठरवून दिले, एवढा प्रश्न स्वतःला विचारायला काय हरकत आहे? पुन्हा कधी मोठी स्पर्धा जवळपास आली, तर लांब भिंग घरी ठेवून ५० मिलिमीटरचे एक साधे भिंग न्यायचे, असे मी ठरवले आहे. सुरक्षारक्षक हसून आत सोडील. खेळाडू मुंगीएवढे दिसतील. मला ते तेवढेच दिसत होते.