लहान कुटुंबाचा राजकीय दंड

लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेला दक्षिणेतून होणाऱ्या विरोधाकडे दिल्लीत बहुधा प्रादेशिक अस्मितेचे राजकारण म्हणून पाहिले जाते. बेंगळुरूतून पाहता या वादाचे मूळ जन्मदरात आहे, हे स्पष्ट होते.

रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा समाज आणि सरकार दोघेही त्यांच्या विरोधात होते. मात्र अवघ्या नऊ वर्षांनी, १९३० मध्ये, म्हैसूर संस्थानाने सरकारी संततिनियमन केंद्रे उघडण्याचा आदेश काढला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यानंतर दोन दशकांनी, १९५२ मध्ये आला.

हा कार्यक्रम राबवणाऱ्या राज्यांचे संसदेतील बळ घटू नये, म्हणून १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने जागांचे राज्यवार वाटप १९७१ च्या जनगणनेवर गोठवले. २००१ च्या ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. लोकसंख्या स्थिरीकरणास प्रोत्साहन हाच तिचा घोषित हेतू होता.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) कर्नाटक आणि महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७, उत्तर प्रदेशचा २.४ आणि बिहारचा ३ आहे. लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो २.१ लागतो. केंद्रीय करांतील कर्नाटकचा वाटा १४ व्या वित्त आयोगाच्या काळात ४.७१३ टक्के होता. १५ व्या आयोगाने तो ३.६४७ टक्क्यांवर आणला. यात उत्पन्नातील अंतराच्या निकषाचा हात मोठा असला, तरी बेंगळुरूत बळावलेली अन्यायाची भावना निराधार नाही.

दक्षिणेतील एकही जागा कमी होणार नाही, असे आश्वासन गृहमंत्री अमित शहा यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिले. परंतु प्रश्न जागांच्या संख्येचा नसून प्रमाणाचा आहे. कर्नाटकच्या २८ जागा कायम ठेवून सभागृह मोठे केले, तर त्याच २८ चे वजन घटते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. बिहारमधील नागरिकाच्या मताचे मोल कर्नाटकातील मतापेक्षा कमी का असावे? तेथील जननदर मुलींच्या शिक्षणाच्या आणि आरोग्यसेवेच्या अभावातून आला आहे. त्याचा दोष मतदाराचा नव्हे. शिवाय बेंगळुरू जिल्ह्याची लोकसंख्या २००१ ते २०११ या दशकात ४७ टक्क्यांनी वाढली, त्यात बाहेरून आलेल्यांचा वाटा मोठा होता. घटत्या जननदराच्या राज्यांचे अर्थकारण वाढत्या लोकसंख्येच्या राज्यांतील श्रमावरही उभे आहे. मुंबईत राहणाऱ्याला हे सांगावे लागू नये.

ऑक्टोबर २०२४ मध्ये चंद्राबाबू नायडू आणि एम. के. स्टॅलिन यांनी अधिक अपत्यांची भाषा केली. ती सर्वाधिक आक्षेपार्ह म्हटली पाहिजे. कर्नाटकचा जननदर घटवला तो स्त्रियांनी. तेथील निम्म्याहून अधिक विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतली आहे. पुरुष नसबंदीचे प्रमाण जवळपास शून्य. आधी राष्ट्राच्या लक्ष्यासाठी ज्यांच्या शरीरावर शस्त्रक्रिया झाल्या, त्यांच्याच मुलींकडे आता जागांच्या गणितासाठी बाळंतपणे मागायची, हे धोरण होऊ शकत नाही.

यावर तोडगा गणिती नाही, संघराज्यात्मक आहे. लोकसभेत मतसमानता मान्य करायची असेल, तर राज्यसभेला राज्यांचे खरे सभागृह बनवून तेथे लहान राज्यांचे वजन वाढवावे लागेल आणि ही तडजोड नव्या जनगणनेचे आकडे हाती येण्यापूर्वी व्हावी लागेल. एकदा लाभार्थी ठरले, की तडजोडीची गरज उरत नाही. मग १९७६ आणि २००१ मध्ये संसदेने दिलेला शब्द केवळ मुदतीपुरता होता, असाच अर्थ राज्ये घेतील.