गाडी कंपनीची, आगार महामंडळाचं. मग दुरुस्तीचं ज्ञान कोणाचं?

हैदराबाद : चिक्कडपल्लीतून आरटीसी क्रॉसरोड ओलांडला की मुशीराबादचं बस भवन लागतं. तेलंगणा राज्य परिवहन महामंडळाचं हे मुख्यालय. केंद्राच्या 'पीएम ई-ड्राइव्ह' योजनेतून हैदराबादला २ हजार इलेक्ट्रिक बस मंजूर झाल्या आहेत. धूर कमी, आवाज कमी. प्रवाशांसाठी बातमी चांगलीच. कामगार संघटनांचा आक्षेप गाड्यांवर नाही, त्या येण्याच्या पद्धतीवर आहे. मे २०२५ मध्ये कृती समितीने दिलेली संपाची हाक चर्चेनंतर पुढे ढकलली गेली. इलेक्ट्रिक बस खासगी कंपन्यांमार्फत नको, थेट महामंडळाला द्या, ही त्यातली एक मागणी होती.

हा वाद नोकऱ्यांचा म्हणून ऐकला जातो, आणि तो आहेच. पण त्यात आणखी एक प्रश्न दडलाय. गाडी दुरुस्त करण्याचं ज्ञान यापुढे कोणाकडे राहणार?

करार काय सांगतो?

या पद्धतीत गाडी कंपनीची, देखभाल कंपनीची, साधारणपणे चालकही कंपनीचाच. महामंडळ प्रति किलोमीटर ठरलेले पैसे देतं आणि तिकिटाचं उत्पन्न घेतं. असे करार बहुधा १०-१२ वर्षांचे असतात. महाराष्ट्रात एसटीनेही ५,१५० इलेक्ट्रिक बससाठी हाच मार्ग धरला. त्यामागचं कारण समजण्यासारखं आहे. महामंडळांकडे एकरकमी पैसा नाही, बॅटरी महाग, आणि बिघडली तर भुर्दंड कंपनीवर. हिशेब चुकीचा नाही, फक्त त्यात एक रकाना राहून गेलाय.

मिस्त्रीच्या हातातली विद्या

आगारातली देखभाल दोन गोष्टींवर चालते. एक म्हणजे कागद: चालक गाडी लावताना दोष लिहून देतो, दैनंदिन तपासणी होते, ठरावीक किलोमीटरनंतर मोठी तपासणी होते. दुसरी म्हणजे कान आणि हात. ब्रेकची हवा कुठून उतरतेय, कोणत्या रस्त्यावर पाटे लवकर तुटतात, चढावर गाडी का दम टाकते, हे जुना मिस्त्री नव्या पोराला गाडीखाली झोपूनच शिकवतो. आयटीआय करून शिकाऊ म्हणून आगारात येणारी मुलं हेच शिकून बाहेर पडतात. त्यातले कित्येक पुढे गावाकडे गॅरेज टाकतात.

ही विद्या सीमा मानत नाही, कारण तिचं मूळच एक आहे. १९३२ मध्ये निजाम स्टेट रेल्वेच्या रस्ते वाहतूक विभागाने २७ बस आणि १६६ कर्मचाऱ्यांवर सेवा सुरू केली. तेव्हा मराठवाडा त्याच राज्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर वाटा वेगळ्या झाल्या, मात्र दोन्हीकडच्या डिझेल गाड्या बहुतेक त्याच दोन-तीन कारखान्यांच्या राहिल्या. म्हणून नांदेडची एसटी देगलूर ओलांडून मदनूरजवळ बंद पडली, तरी तिथल्या मिस्त्रीला तिचं दुखणं कळतं. भाषा वेगळी असली तरी इंजिन ओळखीचं असतं.

इलेक्ट्रिक बसचं तसं नाही. क्लच नाही, इंजिन ऑइल नाही, झिजणारे भाग कमी. पण विजेचा दाब शेकडो व्होल्टचा, त्यामुळे प्रशिक्षणाशिवाय हात घालणं जिवावर बेतू शकतं. बिघाड शोधायचा तो संगणक जोडून, आणि ते सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात. कोणती बॅटरी उन्हाळ्यात किती तापली, कोणता भाग वारंवार बदलावा लागला, ही नोंदही कंपनीकडेच साठणार. करार संपेल तेव्हा महामंडळाच्या हाती जागा आणि चार्जिंगची जोडणी उरेल. पुढच्या निविदेत भाव कोण ठरवणार, हे मग वेगळं सांगायला नको.

उपाय अवघड नाहीत

कराराला विरोध करूनच हे सुटेल असं नाही. देखभालीची पूर्ण नोंद दर महिन्याला महामंडळाला द्यावी, प्रत्येक आगारातले ठरावीक कारागीर कंपनीच्या कार्यशाळेत शिकावेत, आणि करार संपताना दुरुस्तीची पुस्तिका व तपासणी सॉफ्टवेअर हस्तांतरित व्हावं, या तीन अटी निविदेत घालता येतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा त्यात वाहनांचाही समावेश होता. जो हक्क मोटारमालकाला, तो हजारो बस चालवणाऱ्या महामंडळाला का नसावा?

ज्ञान एकत्र ठेवायला जागाही आहे. पुण्याजवळ भोसरीत केंद्रीय रस्ते परिवहन संस्था (सीआयआरटी) १९६७ पासून सर्व राज्यांच्या परिवहन महामंडळांसाठी प्रशिक्षण आणि चाचणीचं काम करते. हैदराबादच्या उन्हात आलेला बिघाड आणि त्यावरचा इलाज तिथे नोंदला गेला, तर लातूर, नांदेड, आदिलाबादला तोच घोटाळा पुन्हा पहिल्यापासून शोधावा लागणार नाही.

सीमाभागातल्या लोकप्रतिनिधींनी नव्या बसला हिरवा झेंडा जरूर दाखवावा. त्याआधी करारात या तीन अटी आहेत का, एवढं मात्र विचारून घ्यावं. देगलूर-बिलोलीच्या किंवा निजामाबादच्या आयटीआयतल्या मुलाला उद्या आगारात काय शिकायला मिळणार, ते या उत्तरावर ठरणार आहे.