माळवद उतरवा, पण माती ओढ्यात नको

गुढीपाडवा झाला की आपल्या भागात जुनी घरे उतरवायला सुरुवात होते. घरकुलाचा हप्ता येणार असतो, कुणाच्या घरी लग्न असते, कुणाचे माळवद गेल्या पावसाळ्यात गळालेले असते. माळवद काढून स्लॅब किंवा पत्रा टाकायचा हा निर्णय चांगलाच आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जी माणसे गेली, त्यातली कितीतरी दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या मातीखाली गाडली गेली. त्यामुळे माळवद ठेवा असे कुणी सांगणार नाही. प्रश्न आहे तो उतरवलेल्या मातीचा.

घर बांधताना आपण सिमेंट किती पोती, सळई किती क्विंटल, वाळू किती ब्रास याचा हिशेब कागदावर मांडतो. निघणाऱ्या मातीचा हिशेब मात्र कुणी मांडत नाही. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद खणाचे माळवद घ्या. दरवर्षी पावसाळ्याआधी वर नवी माती टाकून थर दीड फुटावर गेलेला असतो. म्हणजे 450 घनफूट, साडेचार ब्रास. खणलेली माती फुगते, म्हणून ट्रॉलीत भरताना ती साडेपाच ब्रास धरा. ब्रासभर बसेल अशा ट्रॉलीच्या पाच-सहा खेपा झाल्या, आणि त्यात भिंतीचा दगड धरलेलाच नाही. वजन म्हणाल तर वीस टनांच्या आसपास. एवढे ओझे आपण डोक्यावर घेऊन झोपत होतो!

आता ट्रॅक्टर कसा ठरतो ते बघा. मालक म्हणतो, खेपेला अमुक रुपये. ट्रॅक्टरवाला म्हणतो, बरं. माती कुठे टाकायची हे दोघेही बोलत नाहीत. खेपेवर पैसे मिळणार म्हटल्यावर ड्रायव्हर लांब कशाला जाईल? डिझेल त्याचे, वेळ त्याचा. गावाबाहेर पडले की पहिला ओढा लागतो, तिथेच ट्रॉली उलटी होते. त्याला दोष देऊन उपयोग नाही, सौदाच तसा झालेला असतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ट्रॉली खेपेवर न ठरवता रोजावर ठरवावी, आणि माती टाकायची जागा आधी दाखवून द्यावी. जमल्यास दोन ट्रॉल्या घ्याव्यात. एक दारात उभी राहील, मजूर वरून थेट तिच्यात माती ओततील. तोवर ट्रॅक्टर दुसरी रिकामी करून येईल. माती आधी गल्लीत ढीग घालून पुन्हा भरायची म्हणजे मजुरी दुप्पट आणि शेजाऱ्याशी भांडण फुकट. खेपेवरच द्यायची असेल तर जागेसहित दर ठरवा. तुळया आणि फळ्या आधी वेगळ्या काढा, सागवानाला आजही गिऱ्हाईक आहे. वाळवी लागलेले लाकूड मात्र फळबागेच्या बांधावर नेऊन रचू नका.

ओढ्यात टाकलेल्या मातीचे काय होते ते जूनमध्ये कळते. पहिल्या मोठ्या पावसात ती वाहत जाऊन मोरीच्या नळ्यांत बसते, पाणी तुंबते आणि शेजारच्या वावरात शिरते. ज्याची पेरणी वाहून जाते तो माती टाकणारा नसतो, ही त्यातली गोम. मग पंचनामा करायला आम्ही आणि तलाठी जातो, पण पंचनाम्यात पाऊस लिहिला जातो, माळवद लिहिले जात नाही. पाडकामाचा कचरा नाल्यात किंवा रस्त्यावर टाकू नये, हे केंद्राने 2016 साली केलेल्या नियमांत स्पष्ट होते.

बरेच शेतकरी विचारतात, "साहेब, ही पांढरी माती रानात टाकली तर?" जुन्या गावठाणाच्या पांढरीत वर्षानुवर्षे राख, शेण, केरकचरा मुरलेला असतो, म्हणून आपले आजे-पणजे ती शेतात नेत. ते खोटे नव्हते. पण माळवदावर टाकायला अनेक ठिकाणी मुद्दाम खारवट माती आणत. तिच्यात सोडियम असतो, ओली झाली की ती मिटते आणि पाणी खाली झिरपू देत नाही. छपरावर हा गुण, काळ्या रानात तोच अवगुण. तेव्हा ढिगाच्या आठ-दहा जागांवरून माती घेऊन, मिसळून, अर्धा किलो नमुना तपासायला द्या. सामू साडेआठच्या वर आला किंवा क्षार जास्त निघाले तर ती माती रानात नेऊ नका, गावातला जुना खड्डा बुजवायला द्या. चांगली निघाली तर खिळे, काचा वेचून हलक्या माळरानात पातळ पसरा.

सिमेंटच्या जुन्या पत्र्याची गोष्ट वेगळी. त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि पत्रा फुटला की ते हवेत उडतात. श्वासातून आत गेलेला तंतू पुढे अनेक वर्षांनी फुफ्फुसाचा आजार, कॅन्सरसुद्धा करू शकतो. पत्रे हातोड्याने फोडून ट्रॉलीत फेकण्याची आपल्याकडे रीतच आहे, ती सोडा. पाणी मारून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवा. मातीच्या ट्रॉलीत मिसळू नका. फुटलेले तुकडे ओले करून जाड प्लास्टिकात गुंडाळा. गोठ्यात चिखल होतो म्हणून खाली अंथरायला तर अजिबात नकोत.

हे सगळे एकट्या घरमालकाच्या हातात नाही. जागा ग्रामपंचायतीनेच दाखवली पाहिजे. जवळजवळ प्रत्येक गावाला मुरमाची एखादी उकरलेली खदान आहे, एखादी खचलेली पाणंद आहे. दगड आणि विटांचे तुकडे पाणंदीच्या भरावात चालतात, वर मुरूम टाकला की झाले. माती खदानीत, पण तिथून विहीर किंवा हातपंप जवळ नाही ना हे बघून. पत्र्यांसाठी वेगळा खोल खड्डा. सरपंच आणि ग्रामसेवकांनी (आता पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी झाले आहे, तरी तोंडात ग्रामसेवकच येते) मासिक सभेत ठराव घेऊन फलकावर जागा लिहावी, आणि घरकुलाच्या लाभार्थ्याला मंजुरीचे पत्र देतानाच ती सांगावी.

ज्यांना यंदा घर उतरवायचे आहे त्यांनी अक्षय तृतीयेच्या आतच ट्रॅक्टर सांगून ठेवावा. रोहिणी लागली की सगळे ट्रॅक्टर पाळीला आणि शेणखताला जातात, मग मागाल तो दर द्यावा लागतो आणि माती पावसात भिजत दारातच पडते.